घरी राहिलेला चष्मा

किस्से मुद्दाम जमवायला गेलं तर एकही हाताला लागत नाही. कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर रत्नागिरीतल्या निम्म्या लोकांचे कागद माझ्या हातातून जातात, पण त्यातून चारचौघांत सांगावं असं काही निघत नाही. आणि आमच्या जाखडीच्या मंडळाबरोबर एकदा कुठे कार्यक्रमाला जाऊन आलं, की महिनाभर पुरतील एवढे किस्से! बायको म्हणते, सत्काराचा नारळ आणि किस्से, दोनच गोष्टी तुम्ही घरी आणता. त्यातला नारळ तरी उपयोगाचा असतो.

ज्यांनी जाखडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मधोमध शाहीर, ढोलकीवाला आणि कोरस बसतो. पायात घुंगरू बांधलेले नाचे त्यांच्याभोवती गोल फिरत नाचतात. सामना दोन पक्षांचा, एकीकडे शक्तीवाले, दुसरीकडे तुरेवाले. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. आम्ही शक्तीवाले. आमचे शाहीर गोविंददादा, धंद्याने गवंडी. ढोलकीवर मन्या. मी वही घेऊन दादांच्या मागे बसतो. मंडळात मला आईबापांनी ठेवलेल्या नावाने कोणी हाक मारत नाही. मी ‘झेरॉक्स’.

* * *

दादांचं गाणं भिंत बांधता बांधता होतं. हातात थापी, तोंडात चाल. ओळ जमली की लगेच मला फोन. मी दुकानात कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती काढत असतो. दादा तिकडून गातात, मी इकडे हाताला येईल त्या पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतो. या भानगडीत एका माणसाच्या अर्जाच्या मागे आमची अख्खी गवळण साहेबांच्या टेबलापर्यंत गेली. साहेबांनी अर्ज मंजूर केला. गवळणीबद्दल काही बोलले नाहीत.

एकदा दादा एका रिटायर्ड बँक मॅनेजरांच्या कंपाउंडची भिंत बांधत होते. हे मॅनेजर म्हणजे फूटपट्टी घेऊन जेवायला बसणारे. संध्याकाळी येऊन त्यांनी भिंतीला दोरी लावली. सगळी भिंत सरळ, पण मधला एक थर दोन बोटं बाहेर. त्यांनी दादांना बोलावून विचारलं, हे काय?

दादा म्हणाले, “साहेब, थितं माजा अंतरा अडकला व्हता.”

मॅनेजरांना राग यायला हवा होता. पण त्यांनी विचारलं, “मग सुटला का?”

दादांनी तिथेच, सिमेंटच्या हाताने, म्हणून दाखवलं. दादांची आई डोक्यावरून चिरे वाहायची, आणि उन्हात लहानगा गोविंदा तिच्या सावलीत सावलीत चालायचा, असं ते गाणं होतं. मॅनेजर ऐकून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. थर पाडून घ्यायचा विषय मग निघालाच नाही. हल्ली पाहुणे आले की ते आधी भिंतीतली ती चूक दाखवतात, मग बाग.

* * *

आता मला दादांचं गुपित कसं कळलं ते सांगतो. ते कळलं नसतं तर पुढचं काहीच सांगता आलं नसतं.

दादांनी सांगितलेलं एक नवीन गाणं मी कॉम्प्युटरवर टाईप केलं होतं. त्याच वेळी नावात बदल करून घेणाऱ्या एका गृहस्थांचं प्रतिज्ञापत्रही काढायचं होतं. मध्येच लाईट गेली, आली, प्रिंटरने दोन्ही कागद एकदम ओकले. मी गडबडीत एक कागद दादांना दिला. त्यांनी तो उजेडात धरला. ओठ हलवत, मान डोलवत, वरपासून खालपर्यंत पाहिला.

“झकास झालाय,” ते म्हणाले. “दुसरा कडवा तेवढा जरा लांब वाटतो.”

त्यांच्या हातात त्या गृहस्थांचं प्रतिज्ञापत्र होतं.

मला वाटलं दादा माझी फिरकी घेतायत. मी मोठ्याने हसलो. दादा हसले नाहीत. ते कागदाकडे बघत राहिले आणि मग त्यांनी तो हळूच काऊंटरवर पालथा ठेवला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

सातव्या वर्षी दादा चिरेखाणीवर गेले. शाळा ओढ्यापलीकडे होती, खाण अलीकडे. सही तेवढी चित्रासारखी गिरवून शिकले. पुराणं त्यांनी सगळी कानाने गोळा केली. चातुर्मासात देवळात पोथी वाचली जाते, तिथे खांबाला टेकून बसून. एकदा ऐकलं की जन्माचं पाठ. पण जाखडीत सामना लागला की समोरचा विचारतो, कुठल्या ग्रंथात आहे, कितवा अध्याय, कितवी ओवी? म्हणून शाहीर लोक स्टेजवर ग्रंथांची पिशवी घेऊन बसतात. दादांचीही पिशवी होती. आत काय आहे ते दादांना हाताच्या अंदाजाने माहीत, जाड म्हणजे अमुक पोथी, पातळ म्हणजे तमुक.

ते म्हणाले, “झेरॉक्स, ह्या मन्यालापन ठाव नाय. आनि सामन्यात समोर बसनाऱ्या तुऱ्याच्या मास्तरांना कळला, तर माजा तोंड कायमचा बंद झाला समज. लोक म्हनतील, अडानी गवंडी आमाला पुरान सांगत व्हता.”

त्या दिवसापासून मी दादांच्या मागे बसू लागलो. अध्याय, ओवी हळूच कानात सांगायचं. कुणी कागद पुढे केलाच, तर आपण पुढे होऊन म्हणायचं, दादा आज चष्मा विसरलेत. मंडळातली पोरं म्हणू लागली, शाहिरांना विसराळूपणा लागला. मन्याने तर वाढदिवसाला चष्म्याला लावायची दोरी भेट दिली!

* * *

दादांचा एक नियम आहे, जे झालं नाही ते गायचं नाही. आणि ज्याचं गायचं त्याला आधी विचारायचं. हा नियम त्यांनी स्वतःच्या बायकोच्या बाबतीत मोडला आणि त्याचं फळ भोगलं.

झालं असं, की दादांनी पाहुण्यांसमोर शेवंतीवहिनींच्या हातच्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सांबाऱ्याला नावं ठेवली. वहिनींनी अबोला धरला. दादा समोरासमोर माफी मागणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी गाणं केलं. आमच्याच वाडीत कार्यक्रम होता, वहिनी पुढच्या चटईवर. दादांनी गाण्यात सगळं कबूल केलं. सांबारा फक्कड होता, पाहुण्यांसमोर मोठेपणा करायला आपण बोललो, आणि आता तीन दिवस घरात भांडी तेवढी बोलतात.

वहिनी चटईवरून उठून उभ्या राहिल्या. “तीन नाय, आठ दिवस,” त्या म्हणाल्या.

घुंगरू थांबले, ढोलकी थांबली. दादांनी बोटांवर मोजलं, मान हलवली आणि ‘आठ’ घालून कडवं पुन्हा म्हटलं. मी वहीत दुरुस्ती केली. वहिनी खाली बसल्या, पदराने डोळे टिपले, आणि शेजारणीला म्हणाल्या की आता घरी जाऊन सांबाराच करते. त्या आठवड्यात वाडीतल्या तिघा-चौघा नवऱ्यांनी माझ्या दुकानात येऊन चौकशी केली, शाहीर आमचंही एखादं करून देतील का. आम्ही नाही म्हणालो. ज्याने त्याने आपलं आपण करावं.

* * *

मन्या मूळचा हर्ण्याचा. घरात पिढीजात होडी, आणि हा ढोलकी घेऊन रत्नागिरीत. पाठ धरते म्हणून समुद्र सोडला, असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं कारण त्याने एकदा दादांना सांगितलं. त्याला समुद्राची भीती वाटते. बंदर मागे पडलं की उलट्या सुरू होतात. दादांनी विचारलं, गाण्यात घालू? मन्याने विचार केला की रत्नागिरीत कोण ओळखतंय आपल्याला. म्हणाला, घाला.

महिन्याभराने सुपारी आली, ती नेमकी हर्ण्याची!

मन्याने गाडीत दादांचे पाय धरले. पण दादांची गाणी ठरलेली, आयत्या वेळी बदललं की नाच्यांचे पाय चुकतात. दादा म्हणाले, तू हो म्हनलावतास. समोर सगळे खलाशी आणि तांडेल बसलेले. गाणं सुरू झालं तसा मन्या ढोलकीच्या आड एवढा वाकला की मागून फक्त त्याची टोपी दिसत होती. गाणं संपल्यावर कोणी हसलं नाही, कोणी टाळीही वाजवली नाही. आम्हाला वाटलं, आता मार खाऊन परत जायचं.

कार्यक्रम आटपून आम्ही सामान भरत होतो, तेव्हा एक आडदांड तांडेल आला. तीस वर्षं होडी चालवणारा माणूस. त्याने मन्याला बाजूला घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “गोळी कुठली घेतोस?”

मन्या म्हणाला, कुठलीच नाही. तांडेलाने खिशातून स्वतःची पट्टी काढून त्यातल्या दोन गोळ्या मन्याच्या हातावर ठेवल्या. त्याच्या मागे आणखी दोघे जण गोळीचं नाव ऐकायला उभे होते. मन्या आता गावी गेला की बापाबरोबर होडीत बसतो. किनाऱ्यावर बांधलेल्या होडीत, पण बसतो.

* * *

वेळणेश्वरच्या एका घरी वर्षश्राद्धानंतरच्या सत्यनारायणाला आम्हाला बोलावलं होतं. यजमान म्हणाले, वडिलांच्या स्तुतीचं एक गाणं पाहिजे. दादांनी नेहमीप्रमाणे आधी गावात चौकशी केली. जो तो एकच सांगे, म्हातारा भयंकर चिक्कू. दारात आलेल्याला कधी चहा विचारला नाही.

दादांची पंचाईत झाली. खोटं गायचं नाही, आणि खरं गावं तर जेवणाचं ताट जाईल. शेवटी त्यांनी गायलं. चहा कधी दिला नाही हेही गायलं, आणि वैशाखात सगळ्या वाडीच्या विहिरी आटल्या तेव्हा म्हाताऱ्याने आपल्या विहिरीला एक दिवस कुलूप घातलं नाही, हेही गायलं. यजमानांचा चेहरा लालबुंद. एवढ्यात माजघरातून त्यांची आई हसायला लागली. वर्षभर जी बाई कुणाशी धड बोलली नव्हती, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि तिने आतून सुनेला हाक मारून सांगितलं की सगळ्यांना चहा टाक. लोक दोन-दोनदा प्यायले.

* * *

मध्ये एक मुलगा व्हिडिओ करायला आला होता. त्याच्या चॅनलवर म्हणे लोककलाकारांच्या मुलाखती असतात. त्याने दादांना बागेत आंब्याच्या कलमाखाली बसवलं, मांडीवर वही ठेवली, हातात पेन दिलं आणि सांगितलं, दादा, तुम्ही सहज लिहीत बसा, मी शूट करतो. मला घाम फुटला. चष्मा विसरला म्हणावं, तर त्याने स्वतःचा काढून दिला.

दादांनी पेन हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, आणि गवंड्याच्या सवयीने कानावर ठेवून दिलं. मग डोळे मिटून गायला लागले. पोरगं बेहद्द खूश. व्हिडिओखाली त्याने लिहिलं की शाहीर लिहिण्याआधी ध्यान करतात. दादांनी मला विचारलं, खाली काय लिवलान? मी वाचून दाखवलं. दादा हसले, आणि मग म्हणाले, “आता देवाच्या नावाखालीपन खोटा.” मला वाटतं, पुढे जे झालं त्याची तयारी त्यांच्या मनात तिथूनच सुरू झाली असावी. मी मात्र नेहमीसारखा दुकान उघडून बसलो.

* * *

गेल्या माघी गणपतीला तुऱ्याच्या मास्तरांशी सामना लागला. मास्तर म्हणजे प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले, सत्तरीचे, आवाज अजून खणखणीत. दहाच्या आत माईक बंद करावा लागतो म्हणून कार्यक्रम संध्याकाळी पाचलाच सुरू. मैदान भरलेलं. पुरुष खुर्च्यांवर, बायका चटयांवर.

गण झाला, गवळण झाली, सवाल-जवाब रंगात आले. दादांनी एक कथा गायली. मास्तरांनी विचारलं, आधार कुठला? मी मागून अध्याय सांगितला, दादांनी तो ठोकून दिला. मास्तरांनी त्यांच्या पिशवीतून तोच ग्रंथ काढला, ते पान उघडलं आणि चालत आमच्याकडे आले.

“शाहीर,” ते माईकवर म्हणाले, “मागून कुजबुज मी मघापासून ऐकतोय. आता ही ओवी तुम्ही स्वतः वाचा. झेरॉक्सवाल्यांनी नाही.”

त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांना मला गप्प करायचं होतं, बस्स. मी उठलो, चष्म्याचं बोलायला तोंड उघडलं. दादांनी मागे न बघता हात केला आणि मला खाली बसवलं. त्यांचा तळवा माझ्या गुडघ्यावर होता आणि तो ओला झाला होता.

त्यांनी ग्रंथ घेतला, कपाळाला लावला, मिटून मास्तरांना परत दिला. मन्याला ठेका सांगितला, एकदम साधा. आणि हे गायले:

“चिरा घडवला, भिंत उभी केली, कोन कधी ना चुकला रे,
पाटीवरचा पहिला ‘ग’ पन हात माजा ना शिकला रे.

पोथी मिरवली डोईवरती, आत काय ता ठाव नाय,
ऐकून ऐकून पाठ केलंय, वाचला एकपन नाव नाय.

एस्टीची मी पाटी इचारतो, ‘चष्मा इसरलो’ सांगून रे,
साठी आली तरी चष्मा माजा घरात ऱ्हायलाय टांगून रे.”

चष्म्याच्या ओळीला लोक हसले. मन्याही हसला, आणि हसता हसताच त्याला कळलं. त्याचा हात ढोलकीवर तसाच राहिला. लोकांचं हसूही मधेच थांबलं. दादा शेवटची ओळ ढोलकीशिवाय म्हणून खाली बसले आणि मांडीवर हात ठेवून मास्तरांकडे बघत राहिले. चाळीस वर्षांची शाहिरी त्या क्षणी त्या माणसाच्या हातात होती. मला रडू आलं. लपवायला मी वहीत काहीतरी खरडल्यासारखं केलं.

जवाबाची पाळी मास्तरांची. त्यांनी माईक हातात घेतला आणि तो तसाच परत स्टँडला लावला. सामन्यात जवाब न देणं म्हणजे हार, हे मैदानातल्या लहान पोरालाही माहीत असतं.

तेवढ्यात फर्माईशी यायला लागल्या. आमच्याकडे पद्धत आहे, आवडलेल्या गाण्यासाठी लोक चिठ्ठीवर नाव, गाव लिहून स्टेजवर पाठवतात आणि निवेदक ती वाचून दाखवतो. पहिली चिठ्ठी बायकांच्या चटईवरून आली, हातोहात पुढे सरकत. निवेदकाने उघडली. आत काहीच नव्हतं. त्याने उलटी करून पाहिली आणि खिशात टाकली. दुसरी आली, कार्यक्रमाच्या पत्रकाचा फाडलेला कोपरा, कोरा. तिसरी खुर्च्यांकडून, बिस्किटाच्या पुड्याचा कागद, तोही कोरा. मग पाच-सहा एकदम आल्या. निवेदक तापला. माईकवरून म्हणाला की ज्या कुणाची चेष्टा चाललीय त्याने ती थांबवावी, कलाकारांचा हा अपमान आहे.

मास्तर उठले. त्यांनी निवेदकाच्या हातातल्या आणि खिशातल्या सगळ्या चिठ्ठ्या घेतल्या, चष्मा लावला, आणि पोरांच्या वह्या तपासाव्यात तशी एकेक चिठ्ठी दोन्ही बाजूंनी पाहिली. चटईवर बसलेल्या बायकांकडे पाहिलं; एकीच्याही हातात पेन नव्हतं. मग चष्मा काढून खिशात ठेवला, आमच्या बाजूला आले आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा दादांपुढे धरला.

“शाहीर,” ते म्हणाले, “ह्यांतलं अक्षर मला लागत नाही. तुम्ही वाचा.”

दादांनी वरची चिठ्ठी घेतली. दिव्याखाली धरली. सावकाश, वरपासून खालपर्यंत पाहिली.

“‘गोविंदा, परत म्हन.’”

मास्तरांनी विचारलं, “आणि दुसरीत?”

दादांनी दुसरी उलगडली. पत्रकाचा तो कोपरा होता. तोही त्यांनी नीट, दोन्ही बाजूंनी पाहिला.

“हिच्यातपन ताच लिवलाय,” ते म्हणाले, आणि त्यांनी मन्याला ठेका धरायची खूण केली.